बॉनेटखालचा उंदीर

बाबा,
तुम्ही फिरायला गेला होतात तेव्हा मेकॅनिक घरी येऊन गेला. बॅटरीची वायर सुटली होती, ती घट्ट केल्याबरोबर गाडी सुरू झाली. "ताई, ही आपोआप सुटत नाही," म्हणाला. मी म्हटलं, आमच्याकडे चष्मा लावणारा उंदीर आहे. हृदयाची तपासणी ठरली की नेमका बॉनेटखाली शिरतो.

घरात बसवेना, म्हणून पेट्रोल भरायला गेले आहे. येईपर्यंत अंघोळ उरका, जुने रिपोर्ट काढून ठेवा. तुमचा पाना शोधू नका, माझ्या पर्समध्ये आहे.

जिना चढताना लागलेली तुमची धाप माझ्या खोलीत ऐकू येते. मीही घाबरलेय, बाबा. दोघं मिळून घाबरू, पण आज जाऊच.