चारशे बारा घरांची यादी

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

पूजा आटोपली. आम्हा भिक्षुकांची शस्त्रं ती कोणती – पळी, पंचपात्र, पंचांग आणि गेली पंधरा वर्षं हा कॉम्प्युटर. सकाळी चालू केला तर पडद्यावर गोल फिरून राहिलं होतं. अपडेट सुरू आहे, बंद करू नका, ३४ टक्के. अर्धा तास वाट पाहिली. पूजेच्या वेळी हत्यार चालू ठेवत नाहीत. चालत्या नांगराला कोणी कुंकू लावतं का? साडेनऊला बाजारात दोन दुकानांच्या पूजा होत्या. शेवटी भिंतीवरचं बटण बंद केलं. कुंकू, अक्षता, झेंडूचा हार. आज त्याला विश्रांती.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

विश्रांती जास्तच झाली. चालू होत नाही. निळा पडदा येतो, दुरुस्ती करतो म्हणतो, मग काळा, मग पुन्हा निळा. चार वेळा पाहिलं. हार काढून पाहिला.

पुण्याहून स्वानंदचा फोन. पोरगा कॉम्प्युटरमधलाच आहे. "बाबा, अपडेट चालू असताना बंद केला?" पूजा होती म्हटलं. मग तो – "तो पेन ड्राइव्ह दिला होता दोन वर्षांपूर्वी, यादीची नक्कल ठेवायला. त्यावर आहे ना?"

पेन ड्राइव्ह देवघराच्या खणात आहे. पाकीट फोडलेलं नाही.

३ ऑक्टोबर

यादीत चारशे बारा घरं. कोणाचे वडील कोणत्या तिथीला गेले, कोणाची आजी, गोत्र काय. लोक आपल्या घरची तिथी लक्षात ठेवत नाहीत, महाराजांना विचारतात. बायकोनं, सिंधूनंच ती टाइप करायला घेतली होती. मी सांगायचो, ती बडवायची. ती गेल्याला नऊ वर्षं झाली, तेव्हापासून मी एका बोटानं भर घालतो. रोज सकाळी पंचांग एका बाजूला, यादी एका बाजूला – आज कोणाचं आहे ते पाहायचं. जुन्या वह्या ती असतानाच वाळवीनं खाल्ल्या.

यादी गेली तर काय, हा विचार आज तीनदा आला. भीती वाटली, लिहून ठेवतो. मग स्वतःला सांगितलं, चाळीस वर्षं भिक्षुकी केली. सगळं पाठ आहे.

४ ऑक्टोबर, शनिवार

गल्लीच्या तोंडाशी प्रणालीचं दुरुस्तीचं दुकान. ती येऊन पाहून गेली. "काका, रीसेट मारलं तर हा आत्ता चालू होईन. पन तुमच्या फायली जातीन. घाई नोका करू." कॉम्प्युटरचा डबा घेऊन गेली. जाताना म्हणाली, "आतमध्ये तांदूळ काहून हायेत?"

अक्षता म्हटलं.

६ ऑक्टोबर. कोजागिरी

टेबलावर डब्याच्या आकाराची जागा मोकळी, भोवती धूळ. दूध घेतलं, झोपलो.

७ ऑक्टोबर, मंगळवार

दर्यापूरहून खुशालराव. "महाराज, मायची तिथी याच पंधरवड्यात हाय न? कोन्ती हाय?"

मी म्हटलं, अहो, जन्म दिला त्या बाईनं. पोराच्या मोबाइलचा नंबर पाठ आहे, आईची तिथी नाही? गरीब माणूस, ओशाळला. "मले वाटलं तुमच्याजवळ लिहून असन."

अष्टमी, मी सांगितलं. सोमवारी येतो. फोन ठेवल्यावर पाच मिनिटं बसून राहिलो. अष्टमीच असावी.

८ ऑक्टोबर

प्रणाली म्हणते, पेन ड्राइव्हवरून दुसरी सिस्टीम सुरू करून आतली डिस्क पाहिली. डिस्क शाबूत आहे. देवघरातला पेन ड्राइव्ह कामी आला म्हणायचा – पाकीट तिनंच फोडलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

वरूडला गजेंद्रच्या संत्र्याच्या गोदामात सत्यनारायण. नवीन मशीन आणली आहे, संत्री आकारानं वेगळी करते. जेवायला तिथंच ठेवून घेतलं. पुरणपोळी होती, वरून तुपाची धार. दोन खाल्ल्या, तिसरी अर्धी. येताना ट्रकवाल्यानं सोडलं. कित्येक दिवसांत असं हलकं वाटलं नव्हतं. यादी नसली तरी माणूस मरत नाही.

११ ऑक्टोबर

यादी सापडली, पण वाचता येत नाही! उघडली की कपाळाला आठ्या घालाव्या अशी चिन्हं. सिंधूनं जुन्या फाँटमध्ये टाइप केली होती, तो आता कुठं मिळत नाही. प्रणालीचा मामा अकोल्यात लग्नपत्रिका छापतो, त्याच्या जुन्या मशीनवर असेल म्हणते. मी म्हटलं, बापा, बघ कसंही करून.

१३ ऑक्टोबर, सोमवार

दर्यापूर. खुशालरावांच्या आईचं श्राद्ध यथासांग. पिंडांना नमस्कार करताना त्याचे डोळे भरले. मी मंत्र म्हणत होतो, पण लक्ष नव्हतं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

फाँट आला. सिस्टीम नव्यानं टाकली, डबा टेबलावर परत. प्रणालीनं यादी उघडून दाखवली. अक्षरं जशीच्या तशी. तिच्यासमोर डोळे पुसले, लाज वाटली नाही.

पहिलं काम – दर्यापूरचं घर शोधलं. नवमी. अष्टमी नाही. काल होती.

तासभर फोन हातात धरून बसलो. मग लावला. खुशालराव, चुकलो मी. तिथी चुकली की एकादशीला करता येतं, शास्त्रात सोय आहे, मी येतो, दक्षिणा घेणार नाही. तुम्हाला बोललो तेही चुकलं.

तो म्हणाला, "असू द्या महाराज. माय तारीख पाहून थोडी येते. तिनं सोमवारी जेवून घेतलं असन."

उद्यापासून सगळी यादी वहीत उतरवणार. हातानं, पहिल्या घरापासून.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

पहिलं घर आमचंच. वडील, आई – या दोन ओळी सिंधूच्या टाइपातल्या. तिसरी मी एका बोटानं टाकलेली.

सौ. सिंधू. आश्विन वद्य तृतीया.

पंचांग उघडून पाहिलं. गेला गुरुवार. वरूड, अडीच पुरणपोळ्या.

स्वानंदला अजून सांगितलं नाही. उद्या एकादशी.