पावणेदोन इंचांची छोटी लाइन

दवनीवाडा,
ता. १८ नोव्हेंबर २००७

प्रिय सेवकराम,

सप्रेम नमस्कार.

अक्षर ओळखलंस की नाही, ठाऊक नाही. मी केशोराव, रेल्वेच्या इंजीन शेडमधला फिटर. मागच्या महिन्यात तुझी मुलगी समीक्षा आमच्या गावच्या शाळेत कामासाठी आली होती. नाव ऐकलं, चेहरा पाहिला आणि राहवलं नाही, विचारलंच. ती म्हणाली, बाबा नागपूरला माझ्याकडेच असतात, तब्येत बरी आहे, फक्त फोनवर ऐकू येत नाही. म्हणून हे पत्र. तेहेतीस वर्षं झाली.

इकडे सगळं ठीक. धान कापून झाला, खळ्यावर चुरणं सुरू आहे. आमच्या सौ. देवकाबाईचे गुडघे धरतात, पण तोंड अजून तसंच चालतं. मुलीचं, खुशबूचं, लग्न तिरोड्याला झालं. मला रिटायर होऊन नऊ वर्षं झाली.

आता पत्राचं कारण सांगतो. हसू नकोस. आपली छोटी लाइन बंद झाली, रूळ उखडून नेले, हे तुला माहीत असेलच. मी शेडकडे गेलो होतो. खड्डा तेवढा उरला आहे, इंजिनाखाली उतरायचा, त्यात रुई उगवली आहे. घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी घरामागच्या सांदवाडीत दोऱ्या बांधल्या. आपली लाइन तीस इंचांची होती, रुळापासून रुळापर्यंत. मी ती पावणेदोन इंचांत बसवली, म्हणजे सगळं सतरा पट लहान. पेरूच्या झाडाला वळसा घालून साठ फूट लाइन झाली. रूळ लोखंडी पट्टीचे. स्लीपर सागाचे, जुनी चौकट चिरून केले आणि जळक्या तेलात उकळले. गिट्टी चाळणीने चाळून घातली. उतार पाण्याच्या नळीने मोजला. इंजीन दोन हात लांब आहे. त्याच्या टेंडरमध्ये, मागच्या कोळशाच्या डब्यात, जीपच्या वायपरची मोटर बसवली, ती राइस मिलमधल्या चुन्नीलालने दिली. त्यामागच्या डब्यात बॅटरी. गाडी चालते रे! वळणावर रूळ सोडत होती, बाहेरचा रूळ एक सूत उचलला तेव्हा मानली.

पण एक अडचण आहे. इंजिनाला काळा रंग दिला तर ते जत्रेतलं खेळणं दिसायला लागलं. देवकाबाई म्हणाली, "हे नवरदेव होय का इंजीन?" मग चुलीची काजळी फासली. आता ते जळलेलं भांडं दिसतं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की चाळीस वर्षं मी इंजीन आतून पाहिलं, बाहेरून पाहिलंच नाही. शेडचा पेंटर तू होतास. इंजिनाचा नंबर लिहिण्याआधी तू फडकं घेऊन तासभर नुसता पाहत बसायचास आणि आम्ही म्हणायचो, सेवकराम आराम करून राहिला.

म्हणून विचारतो. काजळी नेमकी कुठे बसते? बॉयलरच्या बाजूने पांढरा ओघळ यायचा, तो कशाचा? टेंडरच्या पत्र्यावर गंज वरून सुरू होतो की खालून? नंबरप्लेटचा लाल कोणता होता? आणि आता लाइनीशेजारी आपलं शेडही करतो आहे, तर त्याची भिंत खालून हातभर अशी तपकिरी कशाने झाली होती?

सवड मिळाली तर दोन ओळी लिही. नाही लिहिल्यास तरी राग नाही.

तुझा,
केशोराव


दवनीवाडा,
ता. २७ जानेवारी २००८

प्रिय सेवकराम,

सप्रेम नमस्कार.

तुझं कार्ड मिळालं. बारीक अक्षरातल्या अकरा ओळी मी इतक्यांदा वाचल्या की देवकाबाईने विचारलं, कोर्टाचा कागद आहे का.

तू लिहिलंस तसंच्या तसं करून पाहिलं. काजळी सगळीकडे नाही, धुरांड्यापासून मागे जाते आणि ड्रायव्हरच्या छपरावर पुढच्या बाजूला जाड बसते. बरोबर! छप्पर काळं केलं आणि इंजीन उभ्या जागी जणू धावून आल्यासारखं दिसायला लागलं. पांढरा ओघळ पाण्यातल्या चुन्याचा, हे तर फिटर असून माझ्या डोक्यात यायला पाहिजे होतं. वॉल्व्ह गळत होता म्हणून मी शंभरदा शिव्या दिल्या, पण खाली काय उमटतं ते पाहिलं नाही. चुन्याच्या निवळीने एका काडीने तो ओघळ काढला.

गंजासाठी तू मीठ आणि चिंचेचं पाणी सांगितलंस. पत्रा दंवात ठेवला. पहिल्या दिवशी काही नाही. चौथ्या दिवशी सकाळी पाहतो तर रिव्हेटच्या भोवती नारिंगी कडी आली होती, अगदी खरी. मी देवकाबाईला ओढत नेऊन दाखवली. ती म्हणाली, "लोक गंज घासून काढतेत, तुमी कायले लावून राहिले?" पण खरं सांगतो, आता गावात फिरताना मी भिंती पाहतो. हापशाचं दांडकं हाताच्या जागी चकचकीत आणि बाकीचं गंजलेलं, हे साठ वर्षांत दिसलं नव्हतं. रुळांचंही तेच. माथा चकाकतो, कुशी गंजतात. मी सगळे रूळ तपकिरी केले आणि वरून पॉलिश कागद फिरवला. दुरून कोणी पाहिलं तर रोज चार गाड्या जातात असं वाटेल.

शेडच्या भिंतीचं पण समजलं. आम्ही कामगार तेलकट पाठीने तिथे टेकून बसायचो. तू लिहिलंस, "ती भिंत माणसांनी रंगवली होती." मी विटेची भुकटी आणि जळकं तेल मिसळून कापसाने टेकवत नेलं, पाठीएवढ्या उंचीवर.

कार्डाच्या शेवटी तू विचारलंस, "शेडमध्ये पाण्याचे काय केलेस?"

पाण्याची टाकी केली आहे. चार लोखंडी पाय, वर पत्र्याची चौकोनी टाकी, सोंडेचा नळ फिरतो. आत सलाइनची नळी घातली आहे, त्यामुळे खरंच पाणी पडतं. टाकीच्या खाली शेवाळ पाहिजे होतं, ते विहिरीच्या काठावरून आणून लावलं, जगलं आहे.

उन्हाळ्याच्या आधी सगळं पूर्ण होईल असं दिसतं. समीक्षाला आशीर्वाद.

तुझा,
केशोराव


दवनीवाडा,
ता. ६ एप्रिल २००८

प्रिय सेवकराम,

तू उत्तर दिलं नाहीस. बरोबर केलंस. तू पाणी विचारलं होतंस आणि मी टाकी सांगितली.

घडलं ते सांगतो. शेड पूर्ण झालं. खऱ्या शेडसमोर कडुलिंब होता, त्याच्या जागी एक फांदी रोवली आणि तिच्या खाली लाकडी घडवंची करून सुपारीएवढा मटका ठेवला. देवकाबाई चहा घेऊन आली, वाकून पाहिलं.

"हे का होय?"

"पाण्याचा मटका."

"आन दुसरा?"

"कोणता दुसरा?"

"मले बह्याड समजून राहिले का? रोज डबा घेऊन येत होती मी. लहान मटका तिकडं अलग राहत होता, सुतळीनं टिनाचा डबा बांधलेला. बायलरवरचा वघळ आठवते तुमाले, आन थो मटका नाई आठवत?"

चहा तिथेच ठेवून ती गेली. मी तो प्यालो नाही.

मला सगळं आठवतं, सेवकराम. जून महिना होता, १९७४, पाऊस अजून यायचा होता. तू सकाळपासून पत्र्याखाली तापलेल्या इंजिनावर नंबर लिहीत होतास. तुझा लहान मटका वासराच्या धक्क्याने फुटला होता. दुपारी तू खाली उतरलास, इकडे तिकडे पाहिलंस आणि मोठ्या मटक्यातून पाणी घेऊन प्यालास. उदाराम मिस्त्री आला. त्याने तुझ्या हातातला गिलास पाडला, जातीवरून जे बोलायचं ते बोलला आणि सगळ्यांसमोर मोठा मटका लाथेने फोडला. मी इंजिनाखाली खड्ड्यात होतो. माझं डोकं बाहेर होतं. तू तीन हातांच्या अंतरावर उभा होतास आणि पाणी वाहत माझ्यापर्यंत आलं होतं.

तू अर्ज दिलास. चौकशी झाली. मला बोलावलं. तू समोरच्या बाकावर होतास. मी म्हणालो, "साहेब, मी इंजिनाखाली होतो, मला काही दिसलं नाही." तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. महिनाभरात बदली मागून गेलास. जो माणूस माझ्या घरच्या लग्नात रात्र जागून मांडवावर नावं रंगवत होता, त्याला स्टेशनवर पोचवायलाही मी गेलो नाही.

एवढं तुला माहीत आहे. आता तुला माहीत नाही ते.

त्या दुपारी तू निघून गेल्यावर उदाराम मला म्हणाला, "केशो, कुंभारापासून मटके आन. दोन आनजो." मी सायकल घेऊन गेलो आणि दोन आणले. एक मोठा, एक लहान. मोठा घडवंचीवर ठेवला. लहान कुठे ठेवायचा हे मला कोणी सांगितलं नाही. मी आपल्या मनानेच तो चार हात सोडून ठेवला, खाली दगड लावला, डब्याला सुतळी बांधली आणि गाठ नीट बसली का ते ओढून पाहिलं. दुसऱ्या दिवशी तू आलास, तो मटका पाहिलास. तुला वाटलं असेल उदारामने ठेवला. तो मी ठेवला होता.

उदाराम कधीचा गेला. त्याच्या नावावर हे टाकून देणं मला फार सोपं पडत आलं.

दुसरा लहान मटका मी करून घेतला आहे, बोराएवढा. ठेवायला जातो आणि परत डबीत घालतो. माफी मागतो. देणं न देणं तुझ्याकडे. एकदा येऊन पाहशील का? रविवारी समीक्षाला सुट्टी असते.

केशोराव


दवनीवाडा,
ता. १९ मे २००८

प्रिय सेवकराम,

सप्रेम जय भीम.

काल तू आणि समीक्षा संध्याकाळच्या बसने गेलात, सुखरूप पोचला असाल. तू गेल्यावर देवकाबाईने कपबश्या विसळल्या. मग म्हणाली, "सेवकभाऊ तसेच हायेत. घरात यायच्या आंधी इंजीन पाहाले गेले."

खरंच. दारातून सरळ सांदवाडीत गेलास, पायजमा सावरून उकिडवा बसलास आणि पाऊण तास नुसता पाहत राहिलास. गाडी तीन फेऱ्या फिरली. चौथ्या फेरीला तू हात आडवा धरून ती थांबवलीस आणि म्हणालास, "नंबरातला सात चुकला." मग ब्रश मागितलास. एका ओढीत सात सरळ केलास. ते मी पाहत होतो. समीक्षाही पाहत होती. ती हळूच म्हणाली, बाबांना रंगवताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मग तू शेडकडे वळलास. "डबी कुठं आहे?"

मी आणली.

"ठेव."

मी लहान मटका ठेवला. तू म्हणालास, "जवळ ठेवलास. चार हात अंतर होतं." मी पट्टी काढली. चार हातांचे सव्वाचार इंच होतात. सरकवला. तेव्हा तू मान हलवलीस. गड्या, साठ फूट लाइन टाकताना मला तेवढा घाम आला नव्हता.

माफीचं मी पुन्हा बोललो, तर तू म्हणालास, "ते नंतर पाहू. आधी एक काम कर." आणि पिशवीतून चौकशीच्या निकालाचा जुना कागद काढलास, घड्यांवर फाटलेला. 'चौकशीअंती तक्रार खोटी आढळली.' तू समीक्षाला सांगितलंस, "मी का बदली घेतली ते हा सांगेल." मी सगळं सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. एकच विचारलं, "काका, तुम्हाला कोणी मारलं असतं का, खरं बोलला असता तर?" मी खूप विचार केला. नाही, कोणी मारलं नसतं. उदाराम चार दिवस बोलला नसता, एवढंच.

तू म्हणालास, "हे तोंडाचं नको. लिहून दे."

सकाळपासून लिहायला बसलो आहे. पहिल्या कागदावर मी लिहिलं, 'मटका फुटला.' देवकाबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "फुटला का फोडला?" तो फाडला. दुसऱ्यावर लिहिलं, 'नवीन मटके ठेवण्यात आले.' ती म्हणाली, "कोनी ठेवले?" तोही फाडला. तिसरा हा. वेगळ्या कागदावर लिहिणार होतो, पण पत्राला जोडूनच लिहितो, म्हणजे कोणाला आणि कशासाठी ते दिसत राहील.

बयान. जून १९७४ मध्ये दुपारी सेवकराम पेंटर शेडमधल्या मोठ्या मटक्यातून पाणी प्याले. त्या कारणाने उदाराम मिस्त्रीने त्यांना जातीवरून शिव्या दिल्या, हातातला गिलास पाडला आणि मटका फोडला. मी तीन हातांवर होतो. मी पाहिलं आणि ऐकलं. चौकशीत मी खोटं बोललो. सेवकराम यांची तक्रार शब्दशः खरी होती. त्याच दिवशी दुसरा मटका वेगळा मी ठेवला, माझ्या हाताने, कोणी जागा सांगितली नसताना. हे मी कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही.

हा कागद समीक्षाकडे राहू दे. ती कोणालाही दाखवू शकते, माझ्या खुशबूलासुद्धा. खुशबूला मीच सांगणार आहे, येत्या आठवड्यात तिरोड्याला जाऊन.

तुझ्या उत्तराची वाट पाहीन, पण घाई नाही.

केशोराव
रिटायर्ड फिटर
ज्याला सगळं दिसलं होतं