चमकणाऱ्या पेशी आणि अण्णांचा गुडघा

सांगली, ३ फेब्रुवारी
कमिटी १७ला. तोवर लागू पडणारं एक तरी द्रव्य दाखवलं नाही, तर प्रोजेक्ट ज्युनिअर पूजाकडे जाणार. सरांनी स्वच्छ सांगितलंय. घाबरायचं कारण नाही. दुखणं थांबवणारा रिसेप्टर, म्हणजे द्रव्य पकडणारा पेशीवरचा रेणू, मी स्वतः बदलून पेशींत बसवलाय. योग्य द्रव्य त्याला चिकटलं की मशीनच्या निळ्या प्रकाशात पेशी हिरवी चमकते. द्रव्यं ऐंशी. संकल्प: रोज सकाळी सातला लॅब.

७ फेब्रुवारी
साडेदहाला पोचलो. थंडी. साठ द्रव्यं संपली, एकही चमकेना. मशीनची चूक असणार.

१० फेब्रुवारी, दु. ४
आटपाडीहून आईनं बिरोबाच्या भंडाऱ्याची पिवळी पुडी पाठवली. म्हणाली, मशिनीला लाव, देव बघंल. माझा विश्वास नाही. तरी उरलेल्या वीस द्रव्यांच्या प्लेटचं झाकण काढून चिमूटभर उधळला. शास्त्रज्ञानं मन मोकळं ठेवावं.

४.४०
चमकलं! वीसच्या वीस!!
पूजा म्हणाली, रिसेप्टर नसलेल्या साध्या पेशींवरही बघा. जळते पोरगी.
घरी फोन. परवा अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन. सांगून टाकलं, औषध सापडलं.

११ फेब्रुवारी
अण्णांनी ऑपरेशन रद्द केलं. आई म्हणाली, पोराचं औषध येतंय म्हणत्यात, ऐकंनात. अभिमान वाटला. मग आठवलं. अण्णा भिंत धरून चालतात. औषध बाजारात यायला दहा वर्षं लागतात, हे सांगायचं राहिलं. उद्या नक्की.

१४ फेब्रुवारी
सांगितलं नाही. रेंज नव्हती. साध्या पेशीही राहिल्या. कमिटीपुढच्या स्लाइडचा रंग ठरवण्यात तीन दिवस गेले. द्रव्याचं नाव मात्र पक्कं: नाथाजीन. अण्णांच्या नावावरून.

१७ फेब्रुवारी
कमिटीतल्या बाईंनी समोरच साध्या पेशी लावायला सांगितल्या. रीतीप्रमाणे भंडाऱ्याची चिमूट उधळली. चमकल्या. रिसेप्टर नसताना! बाईंनी प्लेटवरून बोट फिरवून वास घेतला. म्हणाल्या, निळ्या प्रकाशात हळद स्वतःच हिरवी चमकते, सांगलीत राहून ठाऊक नाही?
प्रोजेक्ट पूजाकडे.

१८ फेब्रुवारी, स. ९
अण्णांना फोन लावला. सगळं खरं सांगितलं. अण्णा म्हणाले, तुझ्या औषधासाठी न्हाई रं थांबलो. ऑपरेशनचं लय भ्या वाटत हुतं. तुझं निमित्त गावलं.
हायसं वाटायला हवं होतं. वाईटच वाटलं.
नवी तारीख सोमवारची. मी सोबत जाणार. रजा मागावी लागणार नाही.