छावणीतले फुकटे

१२ ऑगस्ट १९४६
आले शेवटी! खालच्या कुरणातल्या ओस लष्करी छावणीत सकाळपासून युद्धात बेघर झालेल्या फुकट्यांची रीघ. बाबागाडीत गाद्या, हातगाडीवर चूल, वर कोंबड्या. रिकामी पत्र्याची बराक दिसली की दारावर खडूनं नाव लिहायचं — झालं घर. पावसानं नाव पुसलं आणि दुसऱ्यानं आपलं लिहिलं, की बराक त्याची. असले यांचे कायदे!

त्याच कुरणात मी, त्यांचा माळी, मालक मेजरसाहेबांची सफरचंदं वाढवली होती. युद्ध आलं, लष्करानं झाडं तोडून सिमेंट ओतलं. मग इटालियन युद्धकैदी आले. ते निदान गायचे बरे.

१४ ऑगस्ट
आयव्ही नवऱ्याला आणि तान्ह्याला घेऊन तिकडेच चालली. माझी मुलगी! म्हणे, "बाबा, तुम्हाला बाळाचं रडणं चालत नाही आणि रेगचं हसणंही."

खरंच आहे. हा लॉरी हाकणारा जावई मला कधीच पसंत नव्हता. जाताना म्हणतो, "तुम्हीही चला, सासरेबुवा. माळ्याचं घर मेजरचं. तुमचे गुडघे गेले की घरही गेलं."

मी दार लावून घेतलं.

२४ ऑगस्ट
कुंपणावरून पाहिलं. कवायतीच्या मैदानाकडेला रेग गाजरं पेरतोय. आता, ऑगस्ट संपताना! थंडीआधी धरायची नाहीत; या दिवसांत कोबी लावावा. अक्कल गहाण टाकली आहे.

३ सप्टेंबर
मेजरसाहेबांना म्हटलं, पोलीस बोलवा, हाकला त्यांना. ते फुलांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "टकवेल, नवा माळी येतोय. बायकोमुलं आहेत त्याला. महिनाअखेर घर रिकामं कर."

घर माळ्याचं, हे मला ठाऊक होतं. तो माळी कायम मीच, असं धरून चाललो होतो. मूर्ख मी. आणि मेजरसाहेब तर त्याहून हलक्या वृत्तीचे.

५ सप्टेंबर
आयव्हीला कळवणार नाही. रेग हसेल.

८ सप्टेंबर
पाऊस थांबल्यावर छावणीत गेलो. रेग स्वतःच्या नव्हे, शेजारच्या रिकाम्या बराकीच्या दारापाशी खडू घेऊन उभा. पुसट झालेलं नाव गिरवत होता. माझं.

समोरच्या बराकीतली बाई म्हणाली, "आलात होय? पहिल्या दिवसापासून दर पावसानंतर गिरवतोय बिचारा."

रेग हसला नाही.

मी म्हटलं, "ती गाजरं उपट. कोबी लावू."