सात नंबर आणि एकोणीस नंबर

३ नोव्हेंबर, सोमवार
आज बावीस नाणी यादीत लिहून झाली! सगळी अमेरिकेची, १७९५ची, चांदीचा अर्धा डॉलर. पुढं बाईचं तोंड, मागं गरुड अन् पाल्याच्या दोन फांद्या. फांद्यांवरची बारीक फळं मोजली की नाण्याची जात कळते — कुठं सतरा, कुठं अठरा. इंग्रजी येत नाही, पण नजर हाय. उमापूरला आमच्या अण्णांची दीडशे मेंढरं तोंडावरून ओळखायचो, हे काय!

इथं कोलकात्याला मला राधाकिशनकाकांनी आणलं. तेलगावचे. तीस वर्षं शेठची नाणी पारखतात. "तू मोज, मी तपासतो," म्हणतात.

४ नोव्हेंबर
लई मोठा घोळ! सात नंबर अन् एकोणीस नंबर. दोन्हीत बाईच्या गालावर खोक — तिथंच, तेवढीच.

नाणं ज्यानं छापतात त्या ठशातच चीर असली तर त्या ठशाच्या सगळ्या नाण्यांना येते. जन्मखूण ती. पण ही खोक नंतरची, मार लागल्याची. लांडगा दोन मेंढरांना एकाच जागी, तेवढाच चावतो का? म्हणजे एका नाण्याचा साचा करून ओतलेली. नकली!

दोन्ही नाणी काकांनी खरी म्हणून घेतलेली.

५ नोव्हेंबर
काकांना सांगितलं. त्यांनी नाण्याकडं बघितलंबी नाही. "कावून शंका काढतो बे? एका ठशाची भावंडं हायती ती. मेंढरं राखणारा मला शिकवाया लागला!" हसले.

खरी नाणी काकांनीच बदलली का? ज्यानं कामाला लावलं त्याच्यावरच वहीम!

६ नोव्हेंबर
शेठ उद्या दुपारी बाराला यादी न्यायला येणार. म्हणाला, "एक जरी नकली निघालं, तर पारखणारा त्याच दिवशी गावाकडं." यादीवर सही काकांची. सांगू का नको?

७ नोव्हेंबर, शुक्रवार
शेठ यायच्या आधी काकांना पकडायचंच म्हणून सात नंबर त्यांच्या हातावर ठेवलं. "काका, फळं मोजा बरं." भिंग लावून लई वेळ बघितलं. ओठ हलत होते.

"अठरा. लिही."

वर बाईचं तोंड होतं; फळं खाली, तळहाताकडं.