घरची गादी शेवटी

वडगाव मावळ,
७ फेब्रुवारी २०२५

ती. अरहमभाईस,
नुसरतचा सलाम. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र संदेशच्या हाती देते आहे. इंदुरीहून त्याच्या आईने, सविताकाकूंनी, तुझ्यासाठी ओल्या हरभऱ्याचे सोलाणे पाठवलेत. हॉटेलात पाहुण्यांच्या पोरांना टेनिस शिकवतोस म्हणून संदेश तुला आता मास्तर म्हणतो. अम्मी हसली. अब्बा हसले नाहीत.

एक गोष्ट तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. चॅलेंजर स्पर्धेत तुझ्या आणि संदेशच्या दुहेरीच्या पहिल्या फेरीच्या सकाळी, सरावात एका रॅकेटच्या तारांचं गट तुटलं म्हणून तू ती, मी तारा ओढायला बसते त्या गटिंगच्या खोलीत ठेवून गेलास. टेबलावर ती सहावी होती. ज्यांचा सामना आधी त्यांची रॅकेट आधी, असा नियम भिंतीवरच लावला होता. दुसऱ्या कुणाची असती तर मी उचलून पुढे घेतली असती. तुझी होती म्हणून हात लावला नाही. गिऱ्हाइकाची गादी आधी, घरची शेवटी, हे अब्बांनी कापूस पिंजताना शिकवलेलं माझ्या हातातच बसलंय.

तिसऱ्या सेटऐवजीच्या टायब्रेकमध्ये आठ-आठवर तुझ्या हातातल्या रॅकेटचंही गट तुटलं, तेव्हा मी पाचवी रॅकेट मशीनवर लावत होते. शेवटचा गुण तू संदेशची जादा रॅकेट घेऊन खेळलास, आणि चेंडू रेषेबाहेर गेला. तुझ्या रॅकेटची पाळी आली तोवर तुम्ही दोघं हात मिळवून कोर्टाबाहेर आला होतात. तरी मी गटिंग पूर्ण केलं. ती रॅकेट माझ्याकडेच आहे.

ही फेरी जिंकलो तरच पुढे खेळणार, असं तू अब्बांना सांगितलं होतंस. म्हणून झोप लागत नाही. त्यांना यातलं काही माहीत नाही.

माया आटू देऊ नकोस.
तुझी,
नुसरत

लोणावळा,
१६ फेब्रुवारी २०२५

चि. नुसरतीस,
अनेक दुआ. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. इतकी खाडाखोड की तपासायला दिलेली वही वाटली. सोलाणे वाटेतच अर्धे झाले होते, हे संदेशला विचार.

सामन्याआधी मी त्या खोलीच्या दारापर्यंत आलो होतो. तू मान खाली घालून काम करत होतीस. माझी रॅकेट सहावी दिसली. पुढचा सामना माझा आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण घरच्यांनी मध्ये घुसायचं नसतं, म्हणून परत फिरलो. तू एकटीच अब्बांच्या दुकानात वाढलीस का?

संदेशने पुढच्या स्पर्धेचं विचारलं होतं. मी म्हणालो, दुसरा जोडीदार बघ. त्याने बघितला. शुक्रवारी नावंही दिली. मला वाटलं होतं, तो जरा भांडेल.

रॅकेट राहू दे तुझ्याकडे. इथली गादी मात्र दगडासारखी आहे. अब्बांना एक भरायला सांग. घाई नाही, आपली पाळी येईल तेव्हा.

अम्मी-अब्बांना सलाम. तू नीट झोपत जा.
तुझा,
अरहम

वडगाव मावळ,
२४ फेब्रुवारी २०२५

ती. अरहमभाईस,
नुसरतचा सलाम. वि. वि.

तुझं पत्र अब्बांना वाचून दाखवलं. त्याआधी माझ्या पत्रात काय होतं, तेही सांगावं लागलं.  त्यांनी विचारलं, तुझ्या रॅकेटच्या पुढे किती रॅकेट होत्या. मी पाच म्हटलं. थोड्या वेळाने त्यांनी तेच पुन्हा विचारलं.

आज सकाळी दुकान उघडलं. घोरावाडीच्या महिपतीभाऊंच्या मुलीच्या लग्नाच्या गाद्या भरायच्या होत्या. अब्बांनी त्यांचा कापूस बाजूला सारला आणि तुझ्या गादीचं कापड अंथरलं. मला वाटलं चुकले, म्हणून लग्नाच्या गाद्यांची आठवण करून दिली. त्यांनी नुसती सुई माझ्या हातात दिली.

दहाच्या सुमारास महिपतीभाऊ आले. लय घाई हाय, पावणे यायचेत, म्हणून कुरकुरले. अब्बांनी त्यांना बाकावर बसवलं, चहा मागवला आणि सांगितलं की थोडं थांबावं लागेल, आधी घरचं काम चालू आहे.

हे बोलताना त्यांची मान खालीच होती. मी टाके घालत राहिले. उद्या गादी टेम्पोने पाठवते.

आम्हाला अंतर देऊ नकोस.
तुझी,
नुसरत