शेवंतीतलं मेइ

खैफेंग, शेवंतीच्या प्रदर्शनाला अकरा दिवस बाकी

लोयांगच्या आमच्या वडीलधाऱ्या दाजींना मेंग गुआंगतिएनचा वाकून नमस्कार. (कंबर परवापासून धरली आहे, त्यामुळे वाकलेलोच आहे, पण नमस्कार मनापासून.) आपला गुडघा, आक्काचं ब्लडप्रेशर आणि ज्यांच्यापुढे तुम्हाला आमची शेवंती गवतासारखी वाटते त्या गच्चीतल्या पिओनी, सगळं ठीक असावं. फोन सोडून पत्र का लिहितोय, ते पुढे येईलच.

बाबांनी काढलेली 'म्हातारबाची दाढी' ही शेवंती तुम्हाला ठाऊक आहे. बोटभर लांब, फिकट पिवळ्या, टोकाला कुरळ्या पाकळ्या. सबंध खैफेंगात ही जात फक्त माझ्याकडे, आणि माझ्याकडेही उरल्या होत्या तीनच कुंड्या. यंदा पावसाने मुक्काम ठोकला आणि गल्लीभर शेवंतीवर करपा आला. शेजारचा तोंग दिवसभर फवारा पाठीला बांधून नाचत होता. मी ढिम्म. चाळीस वर्षं शेवंती लावतोय, माझ्या दारात पाऊल टाकायची करप्याची हिंमत झालेली नाही. (एकदा झाली होती, पण ते वर्ष मी धरत नाही.)

आमची छाओयुन शेतकी कॉलेजात शोभेच्या झाडांच्या रोगांवर संशोधन करते. म्हणजे काय, तर चांगली पानं तोडते, बर्फात ठेवून वाटते, त्यात कसलंसं औषध घालते आणि तांबूस रंग किती चढतो ते मोजत बसते. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं ना, त्यातलीच भानगड. तिचं म्हणणं, रोग अंगात शिरायला लागला की झाड आतल्या आत विकरं, म्हणजे ती एन्झाइम का काय, तयार करतं, आणि ज्याची विकरं भरपूर ते रोगाला पुरून उरतं. मी म्हटलं, "पोरी, तुझ्या आजोबांनी हे पानाचा वास घेऊन सांगितलं असतं." ती म्हणाली, "मग तुम्ही घ्या वास, बाबा. मी पानं नेते." नेली. तिन्ही कुंड्यांची.

आठवड्याने तिचा आवाजी निरोप आला. (लिहिलेले निरोप पाठवायचे नाहीत, हे मीच तिला बजावलंय. चष्मा लावायचा कंटाळा. एरवी डोळे ठणठणीत आहेत.) निरोप एवढाच: "बाबा, भिंतीकडच्या कुंडीत मेइ सगळ्यात जास्त! बाकी दोन्हींत नावापुरतं." आता तुम्हीच सांगा दाजी, मेइ म्हटल्यावर आपल्यातला कुठलाही शहाणा माणूस काय समजेल? बुरशी! मी ती कुंडी त्याच दिवशी घराबाहेर काढली. (कुठे, ते खाली.) उरलेल्या दोघींना तळहातावरच्या फोडासारखं जपलं. पंधरा दिवसांत दोन्ही करपून काळ्याठिक्कर.

काल छाओयुन घरी आली आणि भिंतीकडची रिकामी जागा बघून किंचाळलीच. विकरालाही मेइच म्हणतात म्हणे! उच्चार तोच, सूर तोच, फक्त लिहायचं अक्षर वेगळं. "बुरशी झाडात नव्हती बाबा, तुमच्या कानात होती!" असं तोडून बोलली, आणि मग "आजोबांची जात गेली" म्हणून रडायला लागली. कुंडी कुठे गेली ते सांगायचं तोंड मला नव्हतं, म्हणून मीही रडलो, दाजी. लपवत नाही. तरीपण चूक माझी नाही, भाषेची आहे, हे मी आजही कुणालाही ठणकावून सांगेन.

आक्काला आशीर्वाद मागितलेत म्हणून सांगा.

आपला, अजून ताठ मानेचा,
गुआंगतिएन

ता. क. तुमच्या सत्तरीला मी जी कुंडी आणली होती, तीच ती भिंतीकडची. "वाढदिवसाला पिवळी शेवंती? ही काय थडग्यावर ठेवायचीये?" म्हणून तुमच्या सूनबाईंनी तोंड वाकडं केलं, आणि मी "आमच्या खैफेंगात ही दीर्घायुष्याची खूण" असं भाषण ठोकलं होतं. भाषण खरं होतं. कुंडी मात्र मला नकोशी झाली म्हणून तुमच्या गळ्यात मारली. पाया पडतो. सगळी परत मागायला तोंड नाही. चार फुटवे द्या, म्हणजे बाबांची दाढी जगेल.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवत होतो तोच आक्काचा आवाजी निरोप आला. सकाळी मी तिला "कुंडी कशी आहे?" एवढंच विचारलं होतं. मागे कढई खणखणत होती आणि निरोप मध्येच तुटला. ऐकू आलं ते इतकंच: "अरे, ती कुंडी ना, मेइ..." आपल्यात 'नाही' म्हणायलाही मेइच म्हणतात. परत फोन लावून विचारायचा धीर होत नाही. तेव्हा दाजी, बुरशी आली, विकरं आहेत, की कुंडीच नाही, ते कृपा करून लिहून कळवा. मी चष्मा लावून बसलोय.